पंखा फिरतोय, मग गाडी का तापते?

एप्रिल सरत आला की विदर्भातल्या वणी, पुसद, तुमसर, आर्वी अशा तालुक्याच्या गावांत गॅरेजपुढे बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या वाढू लागतात. तक्रार बहुतेकांची एकच, तापमानाचा काटा वर चढतो. उत्तरंही दोनच ठरलेली. एक, "पंखा गेला, नवा टाका." दुसरं, "पंखा त फिरून रायला नं भाऊ, ऊनच तसं आहे." पहिल्या उत्तराने कधी कधी धडधाकट पंखा भंगारात जातो आणि नवा टाकूनही गाडी तापतच राहते. दुसऱ्या उत्तराने मालक निर्धास्त होतो आणि पुढच्या लग्नाला जाताना वाटेत हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) उडवून बसतो.

ऊन तसं आहे, यात वाद नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर इथला पारा दर उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास खेळतो. पण आपल्याकडे विकली जाणारी गाडी हेच ऊन धरून बनवलेली असते. सुस्थितीतली गाडी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, एसी लावून रेल्वे फाटकावर दहा-पंधरा मिनिटं उभी राहिली, तरी काटा जागचा हलायला नको. हलत असेल तर कूलिंगमध्ये काहीतरी कमी पडतंय. ते डिसेंबरातही कमीच पडत होतं. थंडीने झाकून ठेवलं होतं, एवढंच.

थंडी ते कसं झाकते, हे आकड्यांत पाहिलं की पुढचं सगळं सोपं होतं. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भाग कुलंट, म्हणजे इंजिनाभोवती फिरणारं थंडाव्याचं पाणी, उचलतं आणि गाडीच्या पुढच्या जाळीमागे बसलेल्या रेडिएटरमधून हवेत सोडतं. किती सोडलं जाणार, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंशांवर आणि जानेवारीतल्या सकाळची हवा १५ अंशांवर असेल, तर फरक ८०. मे महिन्यात हवा ४५ वर गेली की फरक ५०. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण ताकद ऐंशीवरून पन्नासवर आली. त्यात एसी लावला की रेडिएटरच्या पुढ्यात बसलेली एसीची जाळी, म्हणजे कंडेन्सर, केबिनमधून ओढलेली उष्णता त्याच हवेत टाकते. रेडिएटरपर्यंत पोचताना ती हवा आणखी दहा अंशांनी तापली असं धरलं, तर फरक उरतो ४०. थंडीच्या निम्मा. शिवाय तापलेली हवा विरळ असते. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा जवळजवळ दहा टक्क्यांनी हलकी, म्हणजे पंख्याने तेवढेच फेरे मारले तरी तेवढी हवा जात नाही.

आता समजा, पंख्याच्या मोटरचे ब्रश (आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजलेत आणि पंखा पाऊण वेगानेच फिरतोय. जानेवारीत कोणाला कळणारही नाही. मे महिन्यात मात्र तोच पंखा हिशेबात नापास होतो. म्हणून "फिरतोय का?" असं विचारून भागत नाही. किती हवा ओढतोय आणि ती हवा रेडिएटरमधून जातेय की बाजूने निसटतेय, हे पाहावं लागतं.

उभी असताना तापते, की धावताना?

बॉनेट उघडण्याआधी याच प्रश्नाचं उत्तर हवं. गॅरेजवाल्याने विचारलं नाही तर आपण होऊन सांगावं.

गाडी ५०-६० च्या पुढे गेली की समोरून येणारी हवाच रेडिएटरला पुरते. त्या वेगाला पंखा बंद असला तरी बहुधा काही बिघडत नाही. पंख्याची खरी गरज गाडी थांबलेली असते किंवा रांगत असते तेव्हा. बाजाराच्या दिवशी मुख्य रस्त्यावर, फाटकावर, लग्नाच्या मंडपाबाहेर एसी चालू ठेवून पाहुण्यांची वाट पाहताना काटा चढतो आणि गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की पाच मिनिटांत खाली येतो, तर संशय पंख्यावर, त्याच्या वीजपुरवठ्यावर आणि हवेच्या वाटेवर घ्यावा.

याच्या उलट, गावात गाडी शांत असते पण समृद्धी महामार्गावर चार माणसं, सामान, एसी आणि ताशी १०० च्या वेगाने तासभर गेल्यावर काटा हलतो, तर पंखा बदलून उपयोग नाही. तिथे वारा भरपूर आहे, पण पाणी फिरत नाही किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाही. रेडिएटर आतून क्षारांनी चोंदलेला, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट मोकळी करणारा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह) अर्धवट उघडणारा, वॉटर पंप झिजलेला, कुलंट कमी किंवा हेड गॅस्केट गळकं, यांतलं काहीतरी निघेल.

घाटाचं प्रकरण वेगळं आहे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनावर पूर्ण जोर आणि वेग मात्र २५-३०. समोरचा वारा नाही, उष्णता भरपूर. इथे पंखाही लागतो, रेडिएटरही लागतो, दोन्हींचं उणेपण एकदम बाहेर पडतं. घाटात तापलेल्या गाडीवरून दोष नेमका कुठे आहे ते ठरवू नये. आधी सपाटीवर उभी करून पाहावी, मग मोकळ्या रस्त्यावर पळवून पाहावी.

यात एक लवकर कळणारी खूण आहे, जिच्याकडे बहुतेकजण दुर्लक्ष करतात. गाडी धावताना एसी गार आणि थांबली की हवा कोमट, असं होऊ लागलं की गॅस भरायला धावू नये. कंडेन्सर आणि रेडिएटर या दोघांमधून हवा ओढण्याचं काम त्याच पंख्याकडे असतं (काही गाड्यांत शेजारी शेजारी दोन पंखे असतात). पंखा मंदावला की आधी एसी कुरकुरतो आणि काटा कितीतरी नंतर हलतो. मार्चमध्ये एसीने दिलेली ही सूचना ऐकली तर मे महिन्यातला खर्च वाचतो.

एसी लावून घ्यायची चाचणी

विजेवर चालणारा पंखा तपासायला पाणी तापण्याची वाट पाहत बसायची गरज नाही. गाडी सावलीत उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू करून एसी पूर्ण लावा. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर लागला की पंखाही सुरू होतो. काही नव्या गाड्यांत एसीच्या गॅसचा दाब वाढल्यावर होतो, पण आपल्या उन्हात तो दाब वाढायला वेळ लागत नाही. मिनिटा-दोन मिनिटांत पंखा लागलाच नाही तर बिघाड पंख्याच्या वीजवाटेत आहे असं समजून पुढे जावं. त्याआधी एसीचा कॉम्प्रेसर लागतोय ना, तेवढं बघून घ्यावं, कारण एसीत गॅसच नसेल तर पंख्याला बोलावणारंच कोणी नाही.

बॉनेटमध्ये वाकण्यापूर्वी डोक्याला, गळ्यात गुंडाळलेला दुपट्टा काढून ठेवा. उन्हाळ्यात इथे तो प्रत्येकाच्या अंगावर असतो आणि पंख्याच्या पात्यात सापडला तर माणसाला आत ओढतो. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा आपोआप लागतो. हात घालायचा असेल तर चावी काढा आणि बॅटरीची ऋण तार सोडवा.

पंखा लागला तर लगेच "ठीक आहे" म्हणू नका. एक कागद पुढच्या जाळीसमोर धरा. पंखा चांगला असेल तर कागद जाळीला चिकटून बसतो. नुसता फडफडला तर हवा कमी ओढली जातेय. कागद बाहेर ढकलला गेला तर मोटरच्या तारा उलट जोडल्यात आणि पंखा उलटा फिरतोय. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण मोटर खोलून ब्रश बदलल्यावर किंवा कनेक्टर तोडून तारा थेट पिळल्यावर होऊ शकतं. उलटा पंखा इंजिनाकडची गरम हवा रेडिएटरवर फेकतो आणि धावत्या गाडीत समोरच्या वाऱ्याशी भांडतो. पंखा फिरतोच आहे, मग शंका तरी कोण घेणार?

बऱ्याच गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात. हळू वेग रेझिस्टरमधून, म्हणजे वीज कमी करणाऱ्या भागातून, जोराचा थेट. रेझिस्टर जळाला की हळू वेग नाहीसा होतो. एसीवर पंखा लागत नाही, पण पाणी बरंच तापल्यावर एकदम धडधडत लागतो. उलट प्रकारही असतो. हळू वेग चालू, पण जोराच्या वेगाची रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, गेलेली. ही गाडी हिवाळा, पावसाळा निमूट काढते आणि फक्त भर उन्हात तापते. पंखा "चालू" दिसतो म्हणून हा दोष सर्वांत जास्त निसटतो. साधारणपणे पंखा ९५ अंशांच्या आसपास लागतो आणि शंभरीच्या पुढे जोर धरतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा.

अजिबात लागत नसेल तर

सुरुवात स्वस्त गोष्टीपासून. पंख्याचा फ्यूज सहसा बॉनेटखालच्या डब्यात असतो, ३० किंवा ४० अँपिअरचा. उडालेला असेल तर तेवढ्याचाच नवा टाका. तो पुन्हा उडाला तर मोटर जाम आहे किंवा तार कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. इथे जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार लावून काम भागवण्याची सवय फार वाईट. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

फ्यूज ठीक असेल तर रिले. त्याच डब्यात हॉर्नची किंवा दुसरी एखादी, त्याच नंबरची रिले असते. अदलाबदल करून पाहा. पंखा लागला तर रिले गेली होती. फुकटातली तपासणी आहे.

मग मोटर. चावी काढून, बॅटरीची ऋण तार सोडवून बोटाने पातं फिरवा. सहज, गुळगुळीत फिरायला हवं. खरखर वाटली, पातं डगमगलं, एखाद्या जागी अडलं, तर बुश (मोटरच्या दांड्याला आधार देणाऱ्या कड्या) गेलेत. पंखा चालू व्हायला हवा त्या वेळी मोटरच्या पाठीवर लाकडी दांड्याने हलकं टकटक केल्यावर तो सुरू झाला, तर ब्रश संपत आलेत. टकटकीने चार दिवस जातील, फार नाही. दोन तारांच्या साध्या मोटरला बॅटरीवरून थेट वीज देऊनही पाहता येतं. पण तार जाड हवी आणि मध्ये फ्यूज हवा, कारण ही मोटर दहा-वीस अँपिअर सहज खाते आणि सुरू होताना त्याहून जास्त. नव्या गाड्यांत मोटरला तीन-चार तारा असतील तर हा प्रयोग करू नका. त्यात वेग ठरवणारं इलेक्ट्रॉनिक्स मोटरच्या पोटातच असतं.

मोटर थेट चालते पण गाडीत चालत नाही, तेव्हा वायरिंगवाला मल्टिमीटर लावतो, १२ व्होल्ट दिसतात आणि तोही बुचकळ्यात पडतो. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. दहा धाग्यांची तार गंजून तिचा एकच धागा उरला असेल, तरी मीटरला १२ व्होल्ट दिसतील. मोटरने पंधरा अँपिअर मागितले की मात्र त्या एका धाग्यावर सगळा दाब खर्ची पडतो आणि मोटरपर्यंत काही पोचत नाही. म्हणून मीटरऐवजी हेडलाइटचा जुना बल्ब पंख्याच्या कनेक्टरला लावावा. तो चारेक अँपिअर तरी ओढतो. लख्ख पेटला तर तार ठीक, पिवळट मिणमिणला तर तार, कनेक्टर किंवा अर्थिंग खराब. कनेक्टरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं, वितळल्यासारखं दिसलं तर शोध तिथेच संपला. उन्हात बॉनेटखाली तापमान वाढलं की सैल पिन आणखी तापते, तापली की आणखी सैल होते. सकाळी गॅरेजमध्ये चालणारा पंखा दुपारी रस्त्यावर बंद का पडतो, त्याचं उत्तर बहुतेकदा या पिनांत असतं.

खोटं बोलणारा सेन्सर

३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि देशभर गाजावाजा झाला. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. गाडीतही हे घडतं. पंखा कधी लावायचा, हे कुलंटचं तापमान मोजणारा सेन्सर सांगतो आणि गाडीचा संगणक त्यावर विश्वास ठेवतो. सेन्सर ९८ ऐवजी ८० सांगत असेल तर पंखा, रिले, फ्यूज सगळं ठणठणीत असून पंखा लागणार नाही.

एक उपयोगी युक्ती आहे. इंजिन चालू असताना या सेन्सरचा कनेक्टर काढला, तर बऱ्याच गाड्यांत संगणक सावध होऊन पंखा लावून टाकतो. पंखा लागला म्हणजे मोटर, रिले, तारा ठीक. संशय सेन्सरवर किंवा पाण्याच्या पातळीवर येतो. यात चेक इंजिनचा दिवा लागतो, तो नंतर स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या यंत्राने, घालवावा लागेल. हेच उलट वाचलं तर, थंड गाडी सुरू करताक्षणी पंखा पूर्ण जोरात लागत असेल आणि दिवाही पेटलेला असेल, तर सेन्सर किंवा त्याची तार तुटली आहे असं बहुतेक निघतं. स्कॅनरवर पी ०४८० हा कोड दिसला तर बोट पंख्याच्या वीजवाटेकडे, पी ०११५ ते पी ०११८ मधला कोड दिसला तर सेन्सरकडे.

काट्याबद्दलही थोडं सावध असावं. पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. ८० असो की १००, तो मध्यावरच बसतो. तो हलू लागेपर्यंत पाणी बरंच पुढे गेलेलं असतं. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. फोनला जोडायचं एक छोटं ओबीडी यंत्र मिळतं, ते खरा आकडा दाखवतं. ८५ ते १०० म्हणजे रोजचं, १०५ च्या पुढे एसी बंद, ११० च्या पुढे गाडी बाजूला. आणि एक सापळा: कुलंट पूर्ण गळून गेलं असेल तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत लटकतो आणि कमी तापमान दाखवू शकतो. काटा खाली, पंखा बंद आणि इंजिन भाजतंय, असं होतं. टाकीतली पातळी डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही.

काही जुन्या गाड्यांत पंख्याचा स्विच थेट रेडिएटरवर बसवलेला असतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला की गरम पाणी रेडिएटरपर्यंत येतच नाही, स्विच थंडच राहतो, पंखा लागत नाही आणि दोष पंख्याच्या माथी. काटा वर असताना रेडिएटरचा खालचा पाइप कोमटच असेल, तर पाणी अडलंय हे ओळखावं.

रुई, कुटार आणि कोळशाची भुकटी

माझ्या मते विदर्भातल्या उन्हाळी तापण्याचं सर्वांत दुर्लक्षित कारण हेच. नोव्हेंबरपासून कापसाच्या उघड्या ट्रॉल्या जिनिंगकडे धावतात आणि रस्त्याच्या कडेची बाभळंसुद्धा पांढरी होतात. ती रुई गाडीच्या पुढच्या जाळीतून आत जाते. त्याआधी सोयाबीनच्या मळणीचं कुटार उडालेलं असतं. भंडारा-गोंदियाकडे धानाचा भुसा, वणी-चंद्रपूरकडे कोळशाची काळी भुकटी, पावसाळ्यातल्या रात्रीचे किडे. वर्षभर हे सगळं जमतं कुठे? कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत. समोरून बघाल तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, मागून पाहाल तर पंखा आडवा येतो. मधली गोधडी कोणालाच दिसत नाही. कूलरचा पंखा कितीही जोरात फिरो, ताट्या क्षारांनी गच्च झाल्या की गार हवा लागत नाही, त्यातलाच हा प्रकार.

ट्रॅक्टरवाल्याला हे सांगावं लागत नाही. मळणीच्या दिवसांत रेडिएटरपुढची जाळी तो दिवसातून दोनदा झटकतो. कारवाला मात्र बाहेरून चकाचक धुऊन घेतो.

साफ करायचं तर इंजिन पूर्ण थंड असताना. रेडिएटरचे वरचे नट सैल करून तो थोडा मागे झुकवता आला तर मधला थर हाताने उचलता येतो. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर जाईल. साध्या नळीचा दाब पुरे. सर्व्हिसिंगवाल्याच्या जोरदार फवाऱ्याने ॲल्युमिनियमची पातळ पानं आडवी होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. इंजिनातून तेल झिरपत असेल तर धूळ चिखलासारखी घट्ट बसते. तेव्हा आधी साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश.

पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच, श्राउड, हेही हवेच्या वाटेचाच भाग. ते फुटलेलं असलं किंवा पंखा बदलताना लावलंच नाही, तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. स्वस्तातला पंखा टाकताना पात्यांची संख्या आणि व्यास जुन्याएवढाच आहे का, तेही बघून घ्यावं.

बेल्टवर फिरणारा पंखा

जुन्या बोलेरो, सुमो आणि पिकअप गाड्यांत पंखा विजेवर नाही, इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. तिथे फ्यूज-रिलेची भानगड नाही. बेल्ट सैल किंवा झिजलेला असेल तर घसरतो. त्यापुढचा भाग म्हणजे पंख्याच्या मधोमध बसलेला व्हिस्कस क्लच. आत सिलिकॉनचं घट्ट तेल असतं. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की क्लच पकड घेतो आणि पंखा जोरात फिरतो. इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा. थोडा विरोध जाणवला पाहिजे. एका झटक्यात चार-पाच गिरक्या घेत सुटला, तर तेल गेलंय. मध्यभागी तेलाचे ओघळ दिसले तरी तोच अर्थ. चांगला क्लच असलेली गाडी तापल्यावर रेस केली की पंख्याचा घोंगावणारा आवाज येतो. तो आवाज यंदा ऐकू आला नाही असं वाटलं तर क्लच बघून घ्यावा.

"डायरेक्ट करून देतो"

गावाकडच्या दोन रामबाण इलाजांबद्दल. पहिला, पंखा डायरेक्ट करणे. चावी लावली की पंखा सुरू. अडचणीच्या वेळी घरी पोचायला ठीक, त्याला नाव ठेवत नाही. पण बारीक तार आणि डॅशबोर्डवरचं घरगुती बटण यांतून पंधरा अँपिअर जाऊ दिले तर आगीला निमंत्रण. करायचंच असेल तर रिले, फ्यूज आणि जाड तार घालूनच. शिवाय मोटर दिवसभर फिरून ब्रश लवकर खाते आणि मूळ दोष, मग तो सेन्सर असो की रिले, तसाच राहतो.

दुसरा, थर्मोस्टॅटचा वॉल काढून फेकणे. "आपल्याकडे कुठं थंडी आहे?" हा युक्तिवाद. वॉल काढला की इंजिन हिवाळ्यात नीट तापतच नाही, डिझेल-पेट्रोल जास्त लागतं, तेल लवकर खराब होतं. आणि काही इंजिनांत हाच वॉल उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. वॉल नसला तर गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो. म्हणजे उन्हाळ्यासाठी केलेला इलाज उन्हाळ्यातच नडतो. अडकलेला वॉल बदलावा. तो फार महाग भाग नाही.

पाणी कुठलं घालता, यावरही बरंच अवलंबून. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या काही भागांत, जमिनीतलं पाणी खारट. ते रेडिएटरमध्ये घातलं की ॲल्युमिनियम आतून कुरतडतं. इतर बऱ्याच गावांतल्या बोअरचं जड पाणी क्षारांचा थर चढवतं. कुलंट बर्फाळ प्रदेशासाठी असतं हा समज अर्धाच खरा आहे. गंज रोखणं आणि उकळबिंदू वाढवणं ही त्याची कामं आपल्यालाही लागतात. तयार मिसळलेलं घ्यावं किंवा निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. निम्म्यापेक्षा जास्त कुलंट घालून गाडी अधिक गार राहत नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. बाटली मात्र मुलं आणि जनावरांपासून लांब ठेवा. सर्वसाधारण कुलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं.

आणि रेडिएटरचं झाकण. ते साधारण एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी शंभरीला न उकळता १२० च्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि पंखा, रेडिएटर सगळं ठीक असूनही टाकीतून उकळी बाहेर येते.

रस्त्यात काटा चढला तर

एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. ४५ अंशांत ही शिक्षाच आहे, पण हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटर, तो थोडी उष्णता ओढून घेतो. काचा खाली करा. गर्दीत अडकला असाल तर गर्दीतून बाहेर पडणं शक्य आहे का बघा, कारण पंखा मेला असेल तर चालती गाडी थांबलेल्या गाडीपेक्षा गार राहते. काटा तरी चढतच गेला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सावली गाठून इंजिन बंद करा. काटा वर असला, पण लाल दिवा, पाणी उकळल्याचा आवाज, वाफ काहीच नसेल आणि पंखा फिरत असेल, तर बंद करण्याआधी मिनिटभर इंजिन चालू ठेवून काटा खाली येतोय का पाहता येतं. वाफ असेल तर तेही नको.

झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं १०० च्या वरचं पाणी झाकण सुटताच तोंडावर उसळतं. अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा पाइप दाबून पाहा, मऊ लागला तरच जाड फडक्याने झाकण हळू फिरवा. इंजिनावर बाहेरून थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. आत पाणी भरायचं तेही थोडं थोडं. अशा वेळी बोअरचं मिळालं तर बोअरचंच घाला, घरी पोचल्यावर काढून टाकता येईल.

पाणी भरल्यावर इंजिन सुरू करून टाकीत पाहा. बुडबुडे सतत येत असतील, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर निघत असेल किंवा तेलाची काडी काढल्यावर तेल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेलंय. पंख्याची चौकशी तिथे थांबवा, इंजिन बंद करा आणि गाडी दोर लावून किंवा टेम्पोवर टाकून न्या. पाच-दहा किलोमीटरवर गाव आहे म्हणून पाणी ओतत ओतत चालवली, तर गॅस्केटच्या खर्चात वाकलेल्या हेडचाही खर्च मिळवावा लागतो.